आजीची चप्पल आणि आमची लपाछपी

काल संध्याकाळी किन्हीराजातल्या आमच्या घरात चोर पकडला गेला. पण त्याआधी मी कुणाकुणावर संशय घेतला, तेही सांगायला हवं...

आम्ही भाजीपाला करणारी माणसं. उजाडता उजाडता मळ्यात जावं लागतं, आणि चार वर्षांची ओवी काही माझा पाय सोडत नाही. म्हणून सासूबाई तिला आतल्या खोलीत भातुकलीत रमवायच्या आणि मी मागच्या दारानं सटकायचे. आमच्याकडे सगळेच असं करतात... लेकरू रडलं नाही म्हणजे झालं.

मध्यंतरी अंगणवाडीच्या बैठकीत ताईंनी सांगितलं, मोबाईल बाजूला ठेवून रोज थोडा वेळ फक्त लेकराशी खेळा. मी मनावर घेतलं. दिवेलागणीला मी आणि ओवी, दोघीच... आणि तेव्हापासून सासूबाईंची एक चप्पल गायब व्हायला लागली.

तीही नेमकी आमच्या खेळाच्या वेळी! त्या मंदिरात जायला निघायच्या आणि ओट्यावरून आवाज यायचा, "माही चप्पल कुठी गेली वं?" खेळ अर्धवट टाकून मी शोधत फिरायचे. कधी कूलरमागे, कधी खताच्या पोत्यांखाली... एकदा तर विकायच्या मेथीच्या क्रेटमध्ये निघाली.

आधी शेजारच्या कुत्र्यावर आळ घेतला. पण कुत्रं चप्पल कुरतडेल, जुड्यांखाली नीट झाकून थोडंच ठेवेल? मग माझं डोकं भलतीकडेच चालायला लागलं...

सासूबाईंना हा खेळ पहिल्यापासून पटत नव्हता. "लेकरासंग लेकरू होऊन राह्यली, सयपाक कोन करीन?" असं पुटपुटताना मी ऐकलं होतं. चप्पल हरवली की खेळ मोडतो, हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं असणार. स्वतःच लपवतात, असं मी मनात पक्कं करून टाकलं. त्याही माझ्याकडे अशा बघायच्या, की चोर मीच!

काल ठरवलं, आज रंगेहाथ पकडायचं. ओवीला नेहमीसारखी आधी लपाछपीच हवी होती, राज्य माझ्यावर. मी डोळ्यांवर हात ठेवले, पण बोटांच्या फटीतून नजर ओट्यावर.

सासूबाई देवापुढे वात लावत होत्या, जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. आणि ओवी लपायचं सोडून पाय न वाजवता ओट्यावर गेली. आजीची एक चप्पल तिनं फ्रॉकमध्ये गुंडाळली आणि पाण्याच्या ड्रममागे सरकवली.

मी तिथेच धरलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू. "काहून लपवतं वं आजीची चप्पल?"

ती घाबरली नाही. उलट मलाच समजावून सांगायला लागली, "आजी खेळे, तवा तू पळून जात होती. आता तू खेळतं... मंग आजी पळून जाईन ना!"

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. आम्हा दोघींना एकमेकींकडे बघवेना.

म्हणजे मी तिच्याशी खेळत होते आणि ती तेवढा सगळा वेळ, आता कोण जाणार, याच घोरात होती. खेळ सुरू झाला की घरातलं एक माणूस कमी होतं, एवढंच आम्ही तिला शिकवलं होतं. फार वाईट वाटलं हो...

आज सकाळी मी पुढच्या दारानं निघाले. "ओवी, मी मळ्यात जातो, सांजच्याले येतो." ती रडली, खूप रडली. सासूबाईंनी तिला आत नेलं नाही, कडेवर घेऊन फाटकापर्यंत आल्या.

संध्याकाळी मंदिरात निघताना सासूबाई आधी खोलीत आल्या, "आरती झाली का येतो बरं" म्हणाल्या. ओवीनं त्यांना वरपासून खालपर्यंत संशयानं न्याहाळलं. मग गेली आणि दोन्ही चपला आणून त्यांच्या पायापुढे ठेवल्या.

मळ्यातून येऊन काढलेली माझी एक चप्पल मात्र अजून सापडलेली नाही. मी शोधतही नाहीये... आता मला कुठे जायचंय!