भट्टीतला बद्द आवाज

ड्रेस्डेनपासून तासाभरावर एक छोटी रेल्वे होती. तिचे खडीचे डबे डिझेल इंजिन ओढायचं. पण शेडमध्ये मालगाडीचं एक अवजड वाफेचं इंजिन राखलेलं होतं. वर्षातून काही वेळा तेही खडी ओढायचं आणि लोक तिकीट काढून बघायला यायचे. मी तिथे राख काढायचे. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला त्या देशात दुसरं कोण ठेवणार? शेडच्या म्हाताऱ्या माइस्टरनं, म्हणजे मुख्य कारागिरानं, माझ्याकडे दाखला मागितला नाही, हे उपकार मी अजून मानते.

दाखला लागायचा इंजिनाला. बॉयलरच्या दाखल्याची मुदत संपत आली होती. तपासनीस येण्याआधी माइस्टर स्वतः भट्टीतले बोल्ट ठोकून बघणार होता. हे बोल्ट आतल्या आत तुटतात, दिसत नाहीत, आवाजावरूनच कळतं. आणि जन्मभर बॉयलर ठोकून त्याचे कान मंद झालेले; बोलणं ऐकू यायचं, पण ठोक्यातला फरक कळायचा नाही. म्हणून ऐकायला मी. इंजिन नापास झालं तर शेडला कुलूप, हे दोघांनाही माहीत होतं.

आदल्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "अहो, माझ्या ऐकण्यात चूक झाली तर?"

"आठवी नापास बाई इंजिनाची परीक्षा घेणार. गेनाऊ, अगदी बरोबर," नवरा म्हणाला. मग भाजी वाढून घेत, "खरं तेच सांग. बॉयलर फुटला तर शेजारी तूच असशील."

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या दारातून माइस्टर आणि मी कसेबसे आत शिरलो. त्यानं हातोडी मारली. ठण्ण.

"चांगला," मी म्हटलं.

पुढचाही ठण्ण. मला जरा हुरूप आला. मग खालच्या कोपऱ्यात, तडा गेलेल्या माठासारखं काहीतरी वाजलं. जर्मन शब्द सुचेना.

"बद्द," मी म्हटलं.

"म्हणजे चांगला?"

"नाही."

त्यानं खडूनं फुली मारली. शेजारचा बद्द. त्याच्या वरचाही.

"नीट ऐक, पोरी. उगाच घाबरून सांगू नकोस."

त्यानं परत ठोकलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. आवाज तोच.

"बद्द."

या वेळी त्यानं अर्थ विचारला नाही.

सगळा कोपरा फुल्यांनी भरला. इतकी दुरुस्ती त्या रेल्वेला झेपणारी नव्हती. तपासनिसाला त्यानं फोनवरच येऊ नका म्हणून कळवलं.

सोमवारी त्यानं माझ्या हातात तेलाचा डबा दिला. कायमचं थंड उभं करायच्या इंजिनाला गंज चढू नये म्हणून दांड्यांना, चाकांना जाड तेल फासतात. मी होईल तितकं सावकाश फासलं. तरी आठवड्यात काम संपलं.