जंत, जंतू आणि आमचे हे

मी कामावरून आले की आमचे हे उंबऱ्यातच आडवे. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्यात साबण. "थांब, तिथंच थांब! आधी हात." तीनदा हात धुतल्याशिवाय मला माझ्याच घरात प्रवेश नाही.

आता माझं कामच तसं. औंढ्याकडच्या तांड्यांवर पोटातल्या जंतांचं संशोधन चालू होतं. शौचाच्या डब्या गोळा करायच्या आणि हिंगोलीला आणून मायक्रोस्कोपखाली जंतांची अंडी शोधायची, हे माझं काम. तांड्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, "बाई, हे बघायचा पगार देतेत व्हय तुमाला?" घरी आले तर हे! स्वतः मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या धुळीत बसून पिवळेजर्द होऊन यायचे, आणि घाणेरडी मात्र मी. सत्तावीस वर्षं भांडले त्या बादलीवरून.

पण धुवून झालं की हे माझे हात हातात घ्यायचे. साबणानं बोटांच्या बेचक्यात भेगा पडायच्या, तिथं खोबरेल तेल चोळायचे. एकेक बोट घेऊन. त्या पाच मिनिटांसाठी मी बादली सोसली, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

संशोधनाच्या आमच्या मॅडम जेवताना समजावून सांगायच्या. जंत पोटात वर्षानुवर्षं राहतात ते शरीराच्या राखणदारांना गुंगवून. उलट काही जीवाणू त्याच राखणदारांना खडबडून जागं करतात, इतकं की ते कॅन्सरच्या गाठीवरही तुटून पडतात. पोटात जंत असले तर राखणदार तसे जागे होतात का, हे मॅडमना शोधायचं होतं. मी ऐकायची आणि भाकरी खायची. आपल्याला काय करायचं, म्हणून.

मग यांच्या लघवीतून रक्त आलं. नांदेडला दाखवलं, तर लघवीच्या पिशवीत गाठ. ती खरवडून काढली आणि डॉक्टर म्हणाले, आता दर आठवड्याला एकदा, असं सहा वेळा, नळीनं पिशवीत बीसीजी सोडायची. लेकरांच्या दंडावर टोचतात तीच. टीबीच्या जातीचे, पण नांगी मोडलेले जीवाणू. टीबीचं नाव ऐकताच यांचा चेहरा उतरला. यांच्या मोठ्या भावाला टीबी झाला तेव्हा गावाकडं, कुरुंद्याच्या घरी त्याचं ताट वेगळं, खाट गोठ्यात. हे म्हणाले, "मला न्हाई घ्यायचं." मी मॅडमचं सगळं राखणदारांचं पुराण लावलं, डॉक्टरांना विचारून आधी जंतांची गोळीसुद्धा दिली. "तू म्हणतीस तर घेतो," म्हणाले.

पहिल्या दिवशी औषध दोन तास आत धरायचं होतं. पंधरा मिनिटं या कुशीवर, पंधरा त्या, मग पालथे, मग उताणे. मी घड्याळ धरून बसलेली. घरी येऊन मी संडासात ब्लीचिंग पावडर टाकत होते, तर मागून यांनी विचारलं, "तुला लागंल का गं हे?"

दिवसभराच्या प्रवासानं डोकं भणभणलेलं. म्हटलं, "व्हय तर! आता तुमी थांबा उंबऱ्यात, मी आणते बादली!" आणि मी एकटीच हसले.

गंमत केली हो मी! काळजी फक्त लघवीची घ्यायची, हात लावल्यानं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक. त्यांनाही कळलं असेल, असं मी धरून चालले.

त्या दिवसापासून तेल बंद झालं. वाटलं, आग होत असेल, थकले असतील. पाणीही स्वतःच उठून घ्यायचे. खाट खिडकीकडं सरकवली. तिसऱ्या आठवड्यात मला रागच आला. एवढी उस्तवार करते आणि यांना माझा हात नको? मीही मोठी मानी. विचारलं नाही.

सहा वेळा झालं. सुरुवातीपासून तीन महिन्यांनी तपासलं तर गाठ परत आली होती आणि खोल गेली होती; पुढच्या दोन महिन्यांत ती अंगभर पसरली. राखणदार जागे का झाले नाहीत, ते मॅडमनाही सांगता आलं नाही.

शेवटी दवाखान्यात एका दुपारी मी त्यांचा हात धरायला गेले, तर यांनी तो चादरीखाली ओढून घेतला. "नको. तुला लागंल."

मी म्हटलं, "अवो, थट्टा केली होती मी! हातानं न्हाई लागत. कोणालाच न्हाई लागत."

हे रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग इतके दिवस तू काहून हात धरला न्हाईस माझा?"

"मला वाटलं, तुमालाच नको."

"येडी," म्हणाले, आणि हात बाहेर काढला.

त्यानंतर अकरा दिवस मिळाले. मी जेवायचेसुद्धा एकाच हातानं. लोक म्हणतात, बाईनं नवऱ्याची फार सेवा केली. कसली डोंबलाची सेवा! मागचे पाच महिने भरून काढत होते मी, आणि अकरा दिवसांत ते भरून निघाले नाहीत.