अजीजाच्या वांग्यांची चव

मथुराबाईंचं माहेर वैरागचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे मराठी चौथीपर्यंत शिकायला मिळालं आणि अक्षर असं वळणदार झालं की आळीतल्या बायकांची पत्रं त्याच लिहून द्यायच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या सोलापुरात शुक्रवार पेठेत आल्या. नवरा, रामहरी मास्तर, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. माणूस साधा, पण एक वेड होतं. सुट्टी आली की वही-पेन्सिल घेऊन ते गावभर हिंडायचे. किल्ल्याचे बुरूज, तळ्याकाठचे घाट, पेठांमधल्या कमानी, विणकरांच्या घरांचे बुटके दरवाजे, जे डोळ्यांत भरेल ते कागदावर उतरवायचे. मग त्या चित्रांखाली दोन ओळी माहिती, मग पानभर माहिती, असं करता करता त्यांच्या डोक्यात पुस्तक शिरलं.

पुस्तकाचे तीन भाग ठरले. पहिल्यात गावाचा इतिहास, दुसऱ्यात इमारती आणि तिसऱ्यात गावचा स्वयंपाक. तिसरा भाग ऐकून शाळेतले सोबती हसले. मास्तर त्यांना म्हणाले, "हसू नका. इथं एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलतात. एकमेकींच्या चुलीवरचं बघून बायका आपल्या आमटीत काय काय घालायला लागल्यात, ते लिहिल्याशिवाय या गावाचं वर्णन पुरं होत नाही."

पण चुलीपर्यंत जाणार कोण? ते काम मथुराबाईंवर आलं. सासूबाई वारल्या होत्या, घरात अडवणारं कुणी नव्हतं. दुपारची आवराआवर झाली की त्या वही पदराखाली धरून निघायच्या. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या उंबऱ्याबाहेर बसायच्या आणि आतून घरची बाई सांगेल ते लिहून घ्यायच्या. उंबरा ओलांडत नसत आणि कुठं काही तोंडात घालत नसत. ब्राह्मणाच्या बाईनं दुसऱ्या घरचं शिजवलेलं खायचं नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मंगळवार पेठेतली ईरम्मा तर शेंगाची चटणी कुटता कुटता म्हणाली होती, "तुमी खाणार न्हाई, मला ठावं हाय. वास घ्या आन् लिवा. मी बी तुमच्या घरचं खात न्हाई. फिटंफिट." दोघी खूप हसल्या होत्या.

न खाण्यावरून ईरम्माशी असं हसता आलं. अजीजाशी आलं नाही.

अजीजा टांगेवाल्या हाशमची बायको. दोन गल्ल्या सोडून राहायची. वेणूच्या जन्मापासून तिचा या घराशी संबंध आला. वेणूच्या आधीची मथुराबाईंची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. वेणू झाली तेव्हा बाईंच्या अंगावर दूधच उतरेना. पोर रडून रडून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, शेळीचं दूध द्या. अजीजाकडं बकऱ्या होत्या. रोज सकाळी ती धार काढून, वर फडकं बांधून लोटी घेऊन यायची आणि दारात उभी राहून आधी विचारायची, "पोरगी रडली का न्हाय रातच्याला?" रडली म्हटलं की तिला बरं वाटायचं. "रडू द्या. रडतीया म्हंजी जीव हाय."

कच्चं दूध कुणाच्याही घरचं चालतं आणि शिजवलेलं चालत नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. त्या दुधावर वेणू वाढली. पहिल्या वाढदिवसाला मथुराबाईंनी अजीजाला खणाचं कापड दिलं आणि रव्याचे लाडू दिले. अजीजानं तिथंच एक लाडू खाल्ला, बोटं चाटली.

मग वेणू दोन वर्षांची झाली त्या सुमाराला एका दुपारी अजीजा झाकलेलं ताट घेऊन दारात आली. डोक्यावरचे केस ओले होते. म्हणाली, "मास्तरीणबाई, खसखशीची वांगी केल्यात. माज्या अम्माची रीत. आंघोळ करून केलीया. हाशमकडनं तांब्याचं नवं पातेलं आणवलं, त्यात कवाच मटन शिजणार न्हाय, ते फकस्त तुमच्या नावाचं. खावा आन् सांगा."

नाही म्हणायला मथुराबाईंनी तोंड उघडलं होतं. पण समोर ते ओले केस होते. त्या म्हणाल्या, "ठेव. त्यांच्या जेवणानंतर खाईन." अजीजा गेली. मथुराबाईंनी ताट परसदारी नेलं आणि शेजारच्या गोठ्यातल्या गाईपुढं रितं केलं. भांडं राखेनं घासलं. रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात गूळ घातला आणि संध्याकाळी द्यायला गेल्या.

"कशी झालती?" अजीजानं विचारलं.

"फार छान."

एवढ्या दोन शब्दांनी ते सुरू झालं. दर दोन-तीन महिन्यांनी, कधी सणाला, कधी उगीच, ते ताट यायचं. दर वेळी मथुराबाई ठरवायच्या की आज हिला स्पष्ट सांगायचं. पण पहिल्या वेळी सांगितलं नाही ते पाचव्या वेळी कसं सांगणार? मग पाचाचे दहा झाले. अजीजा ज्या हौसेनं दारातून वळायची, ती हौस आपल्या हातून मोडेल या भीतीनं त्या गप्प राहायच्या. वेणू तापानं फणफणली की अजीजा तिच्या उशाशी बसायची, मास्तर परगावी असले की हाशमचा टांगा न बोलावता दारात यायचा. असं माणूस दुखावायचं म्हणजे काय, हे दोन मुलं घालवलेल्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुस्तकाचं काम मधे वर्षभर थांबलं. १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत किल्ल्याकडं वही घेऊन फिरणं मास्तरांना धोक्याचं वाटलं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा मथुराबाई अजीजाच्या ओट्यावर वही घेऊन बसल्या. अजीजा आतून सांगत होती. कोवळी वांगी देठासकट चिरून तेलात परतायची, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, भिजवलेली खसखस पाट्यावर लोण्यासारखी वाटायची, आणि उतरवताना बकरीचं दूध. मथुराबाईंना उघड्या दारातून चुलीशेजारी एका वाटीत भिजत घातलेली चिंच दिसली. अजीजानं चिंचेचं नाव घेतलं नाही. सांगायला विसरली असेल, असं समजून मथुराबाईंनी आपल्याच मनानं यादीत लिहिलं, "चिंचेचा कोळ, बेताचा."

घरी मास्तरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "अगं, नुसती यादी काय उपयोगाची? चव लिही. वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

मथुराबाईंनी विचार केला. खोबरं आहे, दूध आहे, चिंच आहे. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, "ही वांगी आंबटगोड लागतात. चिंचेचा आंबटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो."

१९३३ च्या दिवाळीनंतर पुस्तक छापून आलं. वेणू तेव्हा नऊ वर्षांची. पहिली प्रत मास्तरांनी देवापुढं ठेवली, दुसरी मथुराबाई घेऊन निघाल्या, ती अजीजाकडं. अजीजाला मराठी वाचता येत नव्हतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. पुस्तक बघून तिनं हात पदराला पुसले आणि आधी चित्रं पाहिली.

"ही आमच्या गल्लीतली कमान न्हवं? अगदी तश्शी! पन मास्तरांनी खालची बकरी का न्हाय काढली? ती तर रोज तितंच बसती."

"बकरी इतिहासात येत नाही," मथुराबाई म्हणाल्या.

"का येत न्हाय? तुमची वेनू तिच्याच दुधावर मोठी झालीया. लिवा म्हनावं." दोघी हसल्या. मग अजीजा म्हणाली, "माजं नाव खरंच छापलंय? हाशमला सांगते, तुजं नाव टांग्याच्या पाटीवर, माजं पुस्तकात. वाचा की बाई, माजं वाचा."

मथुराबाईंनी वाचायला सुरुवात केली. 'बेगम पेठेतील अजीजाबी यांची खसखशीची वांगी.' अजीजा डोळे मिटून ऐकत होती. वांगी, कांदा, खोबरं, प्रत्येक जिनसाला मान हलवत होती. चिंचेपाशी मान थांबली. मथुराबाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्या चवीच्या वाक्याकडं निघाल्या होत्या, कारण साऱ्या पुस्तकात ते वाक्य त्यांना सगळ्यांत आवडायचं.

"परत वाचा," अजीजा म्हणाली.

तिला आवडलं, असं वाटून मथुराबाईंनी ते वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं वाचलं. जिभेवर बराच वेळ रेंगाळतो.

"बाई, आमच्या वांग्यात चिंच नसती."

"अगं, मी पाहिली ना. वाटीत भिजत होती चुलीपाशी."

"ती पातेलं घासायला. तांबं चिंचेबिगर निघत न्हाय." अजीजानं थांबून म्हटलं, "तुमचं पातेलं."

मथुराबाई गडबडल्या. "मग छापखान्यात काहीतरी चुकलं असेल. ते लोक असेच..."

"सात वरसं खाल्ली तुमी. आंबट हाईत का न्हाईत, येवढं बी ध्यानात न्हाय?"

मथुराबाई पुस्तकाची पानं उलटू लागल्या. अजीजा त्यांच्याकडं बघत राहिली आणि तिला आपोआप कळत गेलं. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"कुनाला घालत हुता?"

"गाईला."

"गाईला." तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "न्हाय म्हनायचं हुतं बाई. न्हाय म्हनला असता तर म्या काय रागावले असते? अख्खं गाव न्हाय म्हनतंय आमाला. पन तुमी 'छान झालती' म्हनायचा, आन् म्या हाशम घरी आला की त्याला सांगायची, बाईनला आवडली."

"अजीजा, चुकलं माझं. आत्ता वाढ मला. आत्ता, तुझ्या हातानं. मी इथं बसून खाते."

"आज काय केलं न्हाय," अजीजा म्हणाली. "वाचा की, फुडं वाचा. ईरम्माचं काय लिवलंय?"

मथुराबाईंनी ईरम्माची चटणी वाचली. अजीजानं शेवटपर्यंत ऐकलं, पुस्तक दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं आणि परत दिलं. "आमच्यात वाचनार कोन," म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात मथुराबाई तीनदा गेल्या. अजीजा ओट्यावर बसायला सतरंजी टाकायची, वेणूची चौकशी करायची, मास्तर बरे आहेत का विचारायची. सगळं रीतसर. मथुराबाई काही खायला मागायच्या आणि ती म्हणायची, आज चूल पेटली न्हाय बाई. एकदा हे बोलताना आतून फोडणीचा वास येत होता. दोघींनी तो घेतला. ताट पुन्हा कधी आलं नाही.

मथुराबाईंनी अखेर मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर नखावरची शाई खरवडू लागले. मग म्हणाले, "मला आणून द्यायचीस तरी. मी खाल्ली असती."

हे त्यांना सात वर्षांत सुचलं नव्हतं. नवऱ्याचा धर्म आपण राखतोय, अशीच त्यांची समजूत होती.

"आपण शुद्धिपत्र जोडू," मास्तर समजुतीनं म्हणाले. "तसंही दोन सनावळ्या चुकल्यात. त्यात तुझं घालू. 'चिंचेचा कोळ वगळावा.' आणि चवीचं वाक्य बदलू. काय लिहायचं तेवढं सांग. उद्या छापखान्यात द्यायचंय."

काय लिहायचं ते ठाऊक असायला ती वांगी खायला हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी शनिवारी मथुराबाईंनी ती स्वतः केली. मंडईतून कोवळी वांगी आणली. खसखस लोण्यासारखी वाटली. बकरीचं दूध दुसऱ्या गल्लीतून आणवलं, अजीजाकडं मागायची हिंमत झाली नाही. पदार्थ उतरवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो चाखला. गुळचट लागला, थोडा तुरट. असाच असतो की बिघडलाय, हे त्यांना कळेना. तुलना करायला काहीच नव्हतं.

वेणू शाळेतून आली, पाटावर बसली. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "खसखशीची वांगी? पण अशी नसतात ही."

मथुराबाईंनी पळी खाली ठेवली. "तुला काय माहीत?"

वेणू ताटातलं वांगं बोटानं ढकलू लागली.

"मी रागावत नाही. कुठं खाल्लीस?"

"अजीजामावशीकडं. बकरीची पिल्लं बघायला जाते तेव्हा. ती म्हणायची, तुझी आई पण खाते, तू पण खा." पोरीनं भीत भीत वर पाहिलं. "नेहमी खाते मी."

मथुराबाई तिच्या जवळ सरकून बसल्या. पोरीचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. "मग मला सांग, कशी लागतात मावशीची? नीट आठवून सांग. वांगी मऊ असतात? गोड असतात?"

वेणूनं कपाळाला आठ्या घालून खूप आठवलं. ओठ हलवून पाहिले. मग मान हलवली.

"मला नाही सांगता येत. तू मावशीलाच विचार ना."

बाहेरच्या खोलीतून मास्तरांनी हाक मारली. छापखान्याचा माणूस कागद न्यायला आला होता. "अगं, चवीचं काय लिहू?"

मथुराबाई उठल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "ते वाक्य नुसतं खोडा."