ईश्वरीचे पहिले शब्द

औशाच्या एसटी स्टँडवर आई बोलत होती. मी निघाले त्या दिवशी ती उठल्यापासून बोलतच होती. धपाटी कुठल्या फडक्यात बांधलीत, ईश्वरीची कुंची कुठल्या पिशवीत आहे, बोईसरला उतरल्यावर सामान कुणाच्या हातात द्यायचं नाही. माझ्या जाण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीखालून दोन पावलं चालत ती म्हणाली, "लेकराशी बोलत राहा गं. तू लई घुमी हाईस."

औशातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच एक ट्रंक आणि एक लेकरू घेऊन कुठं कुठं गेलेल्या बायांनो, पुढं जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. फोनवर सांगायला गेलं की अर्ध्यातच थांबायचे.

माझे मालक, महादेव, सहा महिने आधी इकडं आले होते. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत कामाला लागले होते आणि सालवडला खोली घेऊन ठेवली होती. एका रांगेत पाच खोल्या, वर पत्रा, समोर सगळ्यांचा मिळून एक नळ, मागं घरमालकीणबाईंची चिकूची झाडं. सकाळी हवेत कंपन्यांचा असा आंबूस वास असायचा की पहिले काही दिवस मी दूध नासलं म्हणून दोनदा ओतून दिलं. ईश्वरी तेव्हा सव्वा वर्षाची होती.

नळावर हिंदी चालायची, तीही माझ्या कानाला न झेपणारी. घरमालकीण लताकाकी मराठी बोलायच्या, पण तेसुद्धा वेगळंच. आणि माझं बोलणं त्यांना वेगळं. एकदा मी "पाणी भरायलेय" म्हणाले, तर तिथल्या दोन पोरी आठवडाभर "भरायलेय, भरायलेय" म्हणत हसत होत्या. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण मी त्यानंतर तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासायला लागले, आणि तपासता तपासता बोलणंच राहून जायचं.

यांची रातपाळी असायची, त्यामुळं दिवसा हे झोपलेले. खोली एकच. मग स्वयंपाक हळू, भांडी हळू, लेकरू रडलं की उचलून बाहेर. त्या वर्षात ईश्वरीला मी सगळ्यांत जास्त वेळा काय म्हणाले असेन तर "श्श".

दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. पालघरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या पाठीमागं घंटी वाजवली, तिनं चटकन मान वळवली. कान उत्तम आहेत म्हणाले. मग मला विचारलं, घरी हिच्याशी कोण बोलतं? मी म्हटलं, मीच. काय बोलता? मला एकही वाक्य आठवेना. त्यांनी शांतपणे समजावलं की मूल जगातली कुठलीही भाषा उचलायची तयारी घेऊन जन्माला येतं, त्याला मराठी आणि चिनी सारखीच. फक्त कुणीतरी त्याच्याशी बोलावं लागतं, आणि बोलून झाल्यावर त्याच्या उत्तरासाठी थांबावं लागतं. टीव्ही थांबत नाही, म्हणून टीव्हीचा उपयोग नाही.

मी प्रयत्न केला. पण माझाच आवाज मला परका वाटायचा, धडा वाचून दाखवल्यासारखा.

महिन्याभरानं एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले. हे झोपले होते, पंखा खडखडत होता. ईश्वरी पिठाच्या डब्याशेजारी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि बोलत होती. हळू आवाजात. ती काहीतरी म्हणायची, थांबायची, ऐकायची, मान हलवायची, परत म्हणायची. फोनवर बोलणाऱ्या माणसासारखं. बोलायच्या आधी ती घसा साफ करून "हं" असा सुस्कारा टाकायची, जसा गुडघे दुखणारी म्हातारी बाई टाकते. दोन वर्षांचं पोर असा सुस्कारा टाकत नाही.

शब्द मराठी नव्हते, हिंदी नव्हते. एकच पुन्हा पुन्हा कानावर आला: "सुणुछु? सुणुछु?"

मी तिला झटकन उचललं. यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, पोरं काहीही बडबडतात, बोलायला लागली हेच चांगलं. आईला फोन केला तर तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकायला सांगितल्या. टाकल्या. दुसऱ्या दिवशी ईश्वरी पुन्हा तिथंच. या वेळी मी श्वास रोखून तिच्या मागं उभी राहिले. तिनं विचारलं, "सुणुछु?" आणि भिंतीतून, जमिनीलगत, फार बारीक आवाजात कुणीतरी उत्तर दिलं.

मी धावत बाहेर आले. शेजारच्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकीला आतून पुठ्ठा.

लताकाकींना विचारलं. त्या चिकू निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या खोलीत कोण नाय गो दिवसाचा. ओरिसाचा तो बिपिन हाय ना, एकटाच राहते, सकाळी जाते तो दिवेलागणीला येते. आमी खोली एकट्यालाच दिलीय." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी चिकू खाली ठेवला. "काय झाला?"

मी काही नाही म्हणाले. काय सांगणार होते?

घरी येऊन मी पिठाचा डबा हलवला आणि त्या कोपऱ्यात आमची लोखंडी ट्रंक सरकवली. पुढचे तीन दिवस दुपार झाली की ट्रंकेमागून तो आवाज यायचा. "सुणुछु?" थोडं थांबून पुन्हा. ईश्वरी उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे. हे मी लिहिते आहे, कारण ते माझ्याकडून झालं. समोरून कुणीतरी विचारत होतं आणि मी ऐकून गप्प बसले.

चौथ्या दिवशी आवाज आला नाही. मला हायसं वाटलं. हे पाळी बदलून दिवसा कामावर गेले होते. मी भाकरी थापत होते. ईश्वरी ट्रंकेला कान लावून बसली होती. ती उठली, माझा पदर धरला आणि माझ्या डोळ्यांत बघून बोलली. आईशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य ते.

"पडिगली."

मी म्हटलं, पडलीस? कुठं लागलं? हात-पाय चाचपले. तिला काही झालं नव्हतं. ती पदर ओढत मला ट्रंकेकडं न्यायला लागली. "पडिगली, पडिगली." आणि मग मला कळलं, ती स्वतःबद्दल बोलत नव्हती. तो शब्द तिला कुणीतरी दिला होता. कुठलीही भाषा असो, एवढं मला समजलं.

लताकाकींना हाक मारली. त्यांनी पहार आणून शेजारच्या खोलीची कडी उचकटली. आत अंधार. भिंतीलगत एक म्हातारी बाई पडली होती, एक पाय विचित्र वळलेला, गाल फरशीवर आणि तोंड भिंतीच्या तळाशी. तिथं वायरीसाठी पाडलेलं बोटभर भोक होतं. त्याच्या पलीकडं आमची ट्रंक.

ईश्वरी माझ्यामागून आत आली. तिनं त्या बाईकडं बघितलं आणि अनोळखी माणसाला बघतात तशी माझ्या साडीत लपली. मग ती बाई क्षीण आवाजात काहीतरी बोलली. ईश्वरीचा चेहरा फुलला. ती धावत गेली, पण बाईकडं नाही. तिला ओलांडून ती भिंतीपाशी गेली, भिंतीला दोन्ही हात लावले आणि हसत उत्तर दिलं. बाई मागून बोलत होती, आणि माझी लेक भिंतीकडं बघून मान हलवत होती. लताकाकींनी माझं मनगट घट्ट धरलं.

बिपिन कंपनीतून पळत आला आणि उंबऱ्यात बसून रडला. ओरिसात, गंजामकडच्या गावी आईला बघणारं कुणी उरलं नव्हतं. खोली एकट्याचीच, म्हणून त्यानं तिला लपवून आणलं होतं आणि अजिबात आवाज करायचा नाही असं बजावलं होतं. लताकाकी म्हणाल्या, "मला सांगितला असता तर मी नाय म्हटला असता काय?" नंतर त्यानं मला विचारलं, "भाभी, इधर की बोली तो माँ को आती नहीं. फिर वो किससे बात करती थी?" मी त्याला सुणुछुचा अर्थ विचारला. "मतलब, सुन रही है क्या."

बिपिनच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पालघरच्या दवाखान्यात दीड महिना होत्या, मग बिपिन त्यांना घेऊन गावी गेला तो परत आला नाही. ईश्वरी पुन्हा गप्प झाली. मी मात्र बोलायला लागले, मोठ्यानं, जसं येतं तसं. भाकरी करायलेय, पाणी भरायलेय, नळावर कुणी हसलं तर हसू दे. वाक्य संपलं की तिच्यासमोर बसून थांबायचे. पावसाळा सरता सरता ती एका सकाळी म्हणाली, "नाय." काकींचा शब्द. मला तोही चालला.

आता ती आठ वर्षांची आहे. आम्ही बेटेगावला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात ती काकींसारखं हाय-नाय बोलते, मैत्रिणींशी हिंदी. ते जुने शब्द तिच्यासमोर एकदा मुद्दाम उच्चारून पाहिले, तिनं मान वर केली नाही. सुट्टीत औशाला गेलो की आई आणि तिच्यामध्ये मीच दुभाषी होते, आणि आई म्हणते, तूबी आता तिकडचंच बोलायलीस. सालवडची गोष्ट आम्ही ईश्वरीला कधी सांगितलेली नाही. काकींनाही सांगू नका म्हटलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं.

गेल्या महिन्यात शाळेतून फॉर्म आला. मातृभाषेच्या रकान्यात मी मराठी लिहिलं, जरा थांबून. मूळ गावाच्या रकान्यात औसा लिहिलं. ईश्वरी माझ्या खांद्यावरून बघत होती.

"औसा तुजा हाय," ती म्हणाली. "माजा सालवड लिही."

मी हसले. म्हटलं, तुला काय आठवतंय सालवडचं? फार लहान होतीस तू.

"आठवते ना थोडा. तिथं आपण तिघी राहायचो."

"तिघं," मी म्हटलं. "तू, मी आणि पप्पा. पप्पा असले की तिघं म्हणायचं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच मराठी कळत नव्हतं.

"पप्पा तर झोपलेले असायचे," ती म्हणाली. "मी तिघीच म्हटला."

मी काकींचं नाव घेतलं. तिनं मान हलवली, काकी नाय. तिसरी कोण ते मी विचारलं नाही. औसा खोडलं आणि तिच्यासाठी सालवड लिहिलं.