सरदाराच्या गळ्यातला हार

चंदनाच्या हाराचा वास आला की वीसेक वर्षांपूर्वीची रियाधमधली सर्वपित्री अमावास्या आठवते. परदेशी नोकरदारांच्या वसाहतीचं आमचं कंपाउंड सोडून मायदेशी जाताना युरोपियन शेजाऱ्यांनी आम्हाला एक जुनं कोरीव छापचित्र दिलं होतं. खांद्यावर रुळणारे केस, पिळदार मिशा, गळ्याशी लेस, असा कुणी रुबाबदार सरदार. पहिल्यांदाच आलेल्या सासूबाईंनी त्याच्या काचेवरची वाळू पुसली, सासऱ्यांच्या फोटोसारखाच त्यालाही गावाहून आणलेला हार घातला आणि मला म्हणाल्या, "अगं, तुझ्या माहेरच्या पूर्वजांना असं नुसतं टांगून ठेवतात का?" आमच्या लग्नापासून माझ्या माहेरचं त्यांनी नावही काढलं नव्हतं. "चुकलं, आई," एवढंच मी म्हटलं. आता सासऱ्यांशेजारी त्यांचाही फोटो आहे, आणि सर्वपित्रीला मी न चुकता तीन हार आणते.