तीन नंबरच्या दाराची जाणकार

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे कळायला मला सव्वीस वर्षं लागली. तोवर मी जाणकार होते.

माझी नोकरी सभागृहाच्या तीन नंबरच्या दारावर. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, बॅटरीच्या उजेडात रांग दाखवायची आणि तिसरी घंटा झाली की दार लावून बाहेर स्टुलावर बसायचं. मध्यंतरापर्यंत कुणाला आत सोडायचं नाही आणि आपणही डोकावायचं नाही. मी नियमाला इतकी पक्की, की एकदा पाणी प्यायला बाहेर आलेल्या निवेदकालाच मी अर्धा तास बाहेर उभं करून ठेवलं. आत लोकांना पुढचं गाणं कुठलं ते सांगायला कुणी नाही, आणि बाहेर हा मला हात जोडतोय. तेव्हापासून व्यवस्थापक मला पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जायचे.

दार दोन फळ्यांचं, जाडजूड. दोन्ही अंगांनी गादी भरून वर तपकिरी रेक्झिन ठोकलेलं. त्याला डोकं टेकून बसलं की आतलं गाणं यायचं, पण गाळून यायचं. शब्द आणि वरचे सूर दारातच अडकायचे, खालचे, जाड, उबदार सूर तेवढे माझ्या कानापर्यंत पोहोचायचे. सव्वीस वर्षं एकाच जागी डोकं टेकल्यामुळे त्या रेक्झिनवर माझ्या केसांच्या तेलाचा बशीएवढा डाग पडला होता. सफाईवाली तो दर महिन्याला घासायची आणि मी आठवडाभरात पुन्हा उमटवायची.

घरी मी, हे आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, लॉन्ड्रीत इस्त्रीला. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन त्या आमच्याकडे आल्या. पुढे मुलगा जहाजावर नोकरीला म्हणून गेला, तो गेलाच. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग काही नाही. त्याला बारा वर्षं झाली. त्या विषयावर वन्सं बोलत नाहीत. बाकी सगळ्या विषयांवर बोलतात, आणि खरं असेल ते तोंडावर. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकाला त्यांनी जे नाव ठेवलं, ते अजून टिकून आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाचा तर त्यांना इतका तिटकारा, की लॉन्ड्रीच्या मालकाने "कपडे उद्या मिळतील" असं गिऱ्हाइकाला सांगितलं, की मागून ह्या म्हणणार, "परवा."

अशा बाईपुढे माझी मान वर राहील अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणं.

रविवारी दुपारी मी लॉन्ड्रीच्या मागच्या ओट्यावर जायची. तिथे हॉटेलांच्या चादरींचा ढीग पडलेला असायचा. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा लांब जायचं. मदतीला जाते असं मी म्हणायची. खरं तर जायची ती शेखी मिरवायला. ओट्यावर फाटक्या चादरी शिवणारी एक बाई असायची. तिलाही मैफिलींचा नाद. बागेत फुकट बँड वाजायचा तिथे ती न चुकता हजर असायची. पण ऐकून आली की सांगणार काय, तर वादक बावीस, प्रत्येकाच्या कोटाला आठ बटणं आणि ढोलवाल्याचं एक तुटलेलं. आम्ही तिला हसायचो. निदान ती जे सांगायची ते तिने पाहिलेलं तरी असायचं.

"काल कोण होतं?" असं एकदा वन्संनी सहज विचारलं आणि मी जरा रंगवून सांगितलं. त्यांच्या हातातली चादर थांबली. मला दुसऱ्या कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाही, मीच शिडी लावून चढले. मी कुठे बसते ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी सभागृहात कामाला, म्हणजे सभागृहातच बसत असणार, असा त्यांचा समज. तो मोडणं मला उद्धटपणाचं वाटलं.

माझी आवडती गायिका वर्षातून एकदा यायची. तिच्याबद्दल मी इतकं बोलायची, की ओट्यावर तिला सगळ्या "आमच्या बाई" म्हणायला लागल्या. मी सांगायची, आमच्या बाई कधी आवाज चढवत नाहीत. घरात एकटं असताना माणूस गुणगुणतं ना, तसं गातात. मोठ्याने काय, कुणीही गातं. शिवणवाली मान डोलवायची.

त्या बाईंचं एक गाणं होतं, दर वर्षी मध्यंतराच्या आधी. दारातून यायचं ते इतकंच, की कुणीतरी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतंय आणि उत्तर येत नाहीये. आणि आत लोक हुंदके देतायत. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. सातशे माणसं एकदम हुंदके देतात, म्हणजे गाणं कशाबद्दल असणार, हे न कळण्याइतकी मी काही बावळट नव्हते. मी ओट्यावर सांगून टाकलं, की घर सोडून गेलेल्या मुलाला त्याची आई हाका मारतेय.

बोलून गेले आणि जीभ चावली. चादरीच्या दुसऱ्या टोकाला वन्सं होत्या. त्या दिवशी आमची टोकं काही जुळेनात. तीनदा झटकली, तीनदा वाकडी घडी.

पुढच्या रविवारी त्या मान खाली घालून म्हणाल्या, "ते गाणं पुन्हा सांग."

मग ते दर थोड्या दिवसांनी व्हायला लागलं. मी चाल गुणगुणून सांगायची आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी घालायची. थापा मारतेय असं मला वाटायचं नाही, मला ते आठवतंय असंच वाटायचं. एका वर्षी मी सांगितलं, की शेवटच्या कडव्यात आई झोपायला जाते पण दाराला कडी लावत नाही, न जाणो तो आला तर. महिन्याभराने हे कुरकुरायला लागले, की सकाळी दार नुसतं लोटलेलं असतं, कुणाला अक्कल आहे की नाही. वन्सं भाजी निवडत बसल्या. मी अक्कल नसल्याचं स्वतःकडे घेतलं.

मी निवृत्त झाले तेव्हा व्यवस्थापकांनी मला दोन पास दिले. मधली रांग, मधल्या खुर्च्या आणि कार्यक्रम आमच्या बाईंचा. इतकं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मी जातेय याचाच आनंद असावा. मी ह्यांना नेणार होते, कारण हे कुठल्याही कार्यक्रमात पाचव्या मिनिटाला झोपतात, नंतर मतं देत नाहीत. पण वन्संनी दुसरा पास माझ्या हातातून काढून घेतला. "मी येणार," म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तीन रुमालांना इस्त्री केली.

आपण आत कधीच बसलो नाही, हे तेव्हा कुठे मला आठवलं.

दुपारी चारचा कार्यक्रम. तीन नंबरच्या दारावर माझ्या जागी नवीन बाई होती, आधी बसमध्ये कंडक्टर होती म्हणे. तिने आमचे पास इतक्या जोरात फाडले, की मला तिचा अभिमान वाटला. आम्ही जाऊन बसलो. तिसरी घंटा झाली. दार लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या चुकीच्या बाजूला होते.

बाईंनी पहिला सूर लावला आणि मी खुर्चीत दचकले. काय तो आवाज. गिरणीचा भोंगा बरा. छताच्या पंख्यापर्यंत जाऊन परत आमच्या अंगावर. गुणगुणणं नाही, घरातलं नाही, काही नाही. आणि प्रत्येक शब्द लख्ख.

वन्सं माझ्या कानाशी वाकल्या. "ह्याच का त्या?"

मी म्हटलं, आज घसा बसलेला दिसतोय. घसा बसलाय म्हणून इतकं मोठ्याने गातायत, असं मी सव्वीस वर्षांच्या अनुभवाने एका शहाण्या बाईला सांगितलं.

मध्यंतराच्या आधी बाई हसल्या आणि म्हणाल्या, आता तुमचं लाडकं. लोकांनी तबकडीएवढं तोंड करून टाळ्या वाजवल्या, इतके सगळे खूश. वाद्यांनी चाल सुरू केली आणि मी ती ओळखली, तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. वन्संनीही ओळखली असावी, कारण माझ्या तोंडून त्यांनी ती शंभरदा ऐकली होती. त्यांनी पहिला रुमाल उघडला.

गाणं एका मुलीचं होतं. तिच्या खिडकीखाली एक जण रोज सायकलची घंटी वाजवत येतो. ती वरून विचारते, चाकात हवा आहे का? तो म्हणतो, नाही. मग ब्रेक आहे का? तोही नाही. आणि मग मला बसवणार कुठे, अशी दर कडव्याला एका सुट्या भागाची चौकशी. लोक पोट धरून हसत होते. मी ते हसणं ओळखलं. दाराबाहेर हसू आणि हुंदके सारखेच ऐकू येतात.

माझं पितळ उघडं पडलं याचं मला काही वाटलं नाही, असं मी सांगितलं तर ती सव्वीस वर्षांतली आणखी एक थाप होईल. पण त्याहून वाईट म्हणजे शेजारी उघडलेला तो रुमाल. वन्सं समोर बघत होत्या. त्यांनी रुमालाची पुन्हा घडी घातली, अगदी टोकाला टोक जुळवून, आणि तो पिशवीत ठेवला.

दिवे लागले. त्या उठल्या आणि दारातून बाहेर व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग. तिथे मी सगळं सांगितलं. आत कधी बसले नाही, शब्द कधी आलेच नाहीत, आई, हाका, कडी, सगळं माझ्या डोक्यातलं. माफ करा म्हटलं. मी रडत होते. नवीन दारवाली आम्हाला निरखून बघत होती.

वन्संनी पिशवी काखेला मारली. मग म्हणाल्या, "कुठे बसायचीस ते दाखव."

मी स्टूल दाखवलं, दार दाखवलं. तेलाचा डाग अजून तसाच होता. वन्संनी त्यावर हात फिरवला, बोटांना वास घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "तरीच तेल इतकं लवकर संपतं."

घंटा झाली. लोक आत गेले, पण वन्सं हलेनात. त्या स्टुलावर बसल्या. उंचीने कमी, त्यामुळे कान डागापर्यंत पोहोचेना. मी कार्यक्रमाच्या चार पुस्तिका स्टुलावर रचल्या, त्यावर त्यांना बसवलं. दारवालीने दार लावलं आणि आमच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, कार्यक्रम चालू असताना इथे बसायला परवानगी नाही, सूचना वाचा. सूचना भिंतीवर होती, माझ्याच अक्षरात. "कोणत्याही कारणास्तव" या शब्दांखाली मीच दोन रेघा मारल्या होत्या.

वन्संनी डोकं दाराला टेकलेलं तसंच ठेवलं. "अगं, तू आता जरा गप्प बस," त्या म्हणाल्या.

बसमध्ये वीस वर्षं काढलेली बाई ती, पण गप्प बसली.

शेवटी लोकांनी तेच गाणं पुन्हा मागितलं. मी वन्संच्या डोक्याच्या वर कान टेकून उभी होते. सायकल दारात अडकली, चाक अडकलं, ब्रेक अडकला. आला तो फक्त एक जाड, उबदार आवाज, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा. आणि आत सातशे माणसं हुंदके देत होती. मला खरं काय ते माहीत होतं, तरी मला नाक ओढावं लागलं. वन्संनी पिशवीतून रुमाल काढला. नंतर दुसरा. तिसरा त्यांनी न बघता वर धरला, माझ्यासाठी.

आम्ही घरी आलो. हे झोपून उठले होते, त्यांनी विचारलं कसं झालं. वन्सं म्हणाल्या, झालं.

रविवारी मी ओट्यावर गेले ती पाय ओढत. शिवणवाली वाटच बघत होती. तिने सुई बाजूला ठेवली आणि मला विचारलं, बाई कशा गायल्या, ते गाणं झालं का. मी चादरीचं टोक धरलं. आता खरं सांगून टाकायचं असं मी ठरवून आले होते. तोंड उघडलं, तर दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं. ज्या बाईने "उद्या"चं "परवा" केल्याशिवाय एका गिऱ्हाइकाला सोडलं नाही, ती बोलत होती.

"आमच्या बाई काय गायल्या म्हणून सांगू," वन्सं म्हणाल्या. "आवाज कसला तो चढवत नाहीत. सगळं सभागृह रडत होतं."

"आणि शेवटी?" शिवणवालीने विचारलं. "कडी लावते का आई?"

वन्संनी चादर झटकली आणि माझ्या जवळ आल्या. टोकाला टोक लागलं.

"नाही लावत," त्या म्हणाल्या.