पांढऱ्या कडेचं पान

अंगणातला फायकस तुम्हांला आठवत असेल. गेल्या खेपेला तुम्ही त्याच्या सावलीत कॅरम मांडला होता आणि धाकटीने विचारलं होतं, "आजी, याच्या पानांच्या कडांना पांढरा रंग कुणी लावला?" वड-उंबराच्या कुळातलं हे शोभेचं झाड. नर्सरीवाला म्हणाला होता कुंडीतच ठेवा, पण मी ते जमिनीत लावलं. पहिल्या उन्हाळ्यात नगरच्या उन्हाने त्या पांढऱ्या कडा करपल्या, तेव्हा आजोबांनी पश्चिमेच्या बाजूला माझ्या जुन्या साडीचा आडोसा बांधला. पुढे झाड रुळलं आणि वऱ्हांड्याच्या छपराला टेकलं.

या झाडाची एक खोड आहे. मधूनच त्याला निव्वळ हिरव्या पानांची फांदी फुटते. ती बाकीच्यांपेक्षा जोरात वाढते, आणि राहू दिली तर हळूहळू सगळं झाडच हिरवं करून टाकते. म्हणून दिसली की कापायची, हा माझा नेम होता. आजोबा म्हणायचे, "तुझ्या घरात झाडालासुद्धा गणवेश लागतो."

यंदा माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याचा पडदा केव्हाच गेलाय, त्याला नुसता उजेड कळतो. म्हणजे माझं सगळं दिसणं या एका डोळ्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं की काळा चष्मा काढायचा नाही आणि महिनाभर डोळ्यात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. मी ते काटेकोर पाळत होते. अंघोळ गळ्याखालून, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं.

त्यातल्याच एका सकाळी डोक्याच्या वर, हात पोचेल इतक्या उंचीवर एक हिरवी फांदी आल्यासारखी वाटली. काळ्या चष्म्यातून सगळीच पानं सारखी दिसत होती. चुकून चांगली फांदी कापली जायला नको, म्हणून मी चष्मा कपाळावर सरकवला, मान वर केली आणि कात्री चालवली. कापल्या जागेतून चीक ठिबकला तो थेट उजव्या डोळ्यात.

आधी गार लागलं, मग चटका बसला. डोळा आपोआप मिटला आणि अंगण, फाटक, माझे स्वतःचे हात, सगळं एकदम नाहीसं झालं.

"अहो!" मी ओरडले. तो आवाज मला माझा वाटला नाही.

आजोबा तांब्या घेऊन धावत आले. मी दोन्ही तळव्यांनी डोळा झाकला. "पाणी नको! डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलंय."

"अगं, चीक गेलाय डोळ्यात!"

"ऑपरेशनचा डोळा आहे तो. पाण्याने गेला म्हणजे?"

ते तसेच उभे राहिले. तांब्यातलं पाणी हिंदकळत असलेलं मला ऐकू येत होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनी आल्या. त्या मूळच्या जामखेडकडच्या.

"काय झालं ओ ताई? चीक? आगं बया! आमच्या चुलत्याच्या डोळ्यात रुईचा चीक गेल्ता, त्यो डोळा परत उघडलाच न्हाई."

"तुमचे चुलते राहू द्या वहिनी, दवाखान्यात फोन लावा!"

"लावते की. पर तवर दूध घालू का दोन थेंब? सून आत्ताच बाळाला पाजतीया. आमच्यात डोळ्याला तेच घालत्यात."

मी नको म्हटलं नाही. त्या घटकेला कुणी काहीही घातलं असतं तरी मी मुकाट्याने मान वर केली असती. भीती फक्त पाण्याची होती.

पण दुधाआधी फोन लागला आणि दवाखान्यातली सिस्टर जवळजवळ ओरडलीच. "अजून धुतला नाही? अहो, आधी पाणी मारा, भरपूर मारा, आणि तसेच इकडे या."

वहिनींनी माझं डोकं धरलं आणि आजोबांनी तांब्यावर तांब्या ओतला. प्रत्येक धारेला वाटत होतं, आता उरलंसुरलंही वाहून चाललं.

रिक्षात मी डोळ्यावर रुमाल धरून बसले. एरवी आजोबा वाटेवरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतात आणि मी त्यांना गप्प बसवते. त्या दिवशी त्यांनी एकही पाटी वाचली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी डोळा पुन्हा धुतला, कसले तरी थेंब घालून तपासला आणि तक्त्यासमोर बसवलं. इंग्रजी अक्षरं धूसर होती, पण मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीही. आणि मग एकदम लक्षात आलं. इतक्या खेपा घालून तो तक्ता मला पाठ झाला होता.

"डॉक्टर, मी वाचतेय की आठवतेय, माझं मलाच कळत नाहीये."

त्यांनी तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला मराठी अक्षरं होती. पहिली ओळ आली. दुसरी चाचपडत आली. तिसरीतली अक्षरं एकमेकांत कालवल्यासारखी झाली.

"वरच्या थराला इजा आहे," ते म्हणाले. "बहुतेक भरून येईल."

तो 'बहुतेक' बरोबर घेऊन आम्ही घरी आलो.

आता तिसरी ओळही वाचता येते, पण एखाद्या दिवशी नजरेवर धुकं असतं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. रोज सकाळी चहाच्या आधी मी झाडापाशी जाते आणि पानाची पांढरी कड शोधते. ती दिसली की तो दिवस सुरू होतो. पण कात्री मी पुन्हा हातात धरलेली नाही, आजोबांनाही धरू देत नाही, त्यामुळे हिरव्या फांद्या माजल्या आहेत. मग एखाद्या पानाला कड दिसत नाही, आणि ती पानालाच नाही की माझ्या डोळ्यातून गेली, ते मला ठरवता येत नाही.

मी पान तोडून आजोबांपुढे धरते. "अहो, हे हिरवंच आहे ना?"

ते पान उजेडात धरून नीट बघतात. "हिरवंच. गणवेश विसरलंय."

मग माझा जीव भांड्यात पडतो. काल ते मंडईत गेले होते. ते परत येईपर्यंत मी तसलंच एक पान हातात घेऊन फाटकाशी उभी होते.